स्तंभ, नळ आणि गाळे

मागच्या अंकात जुन्या मंडयांबद्दल मी चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा नुसता पाऊस पडला (आपल्याकडं पत्रांचा तरी पडतोय, तेवढंच). बहुतेकांचं दुखणं एकच. गावात काहीतरी नवीन बांधायलेत, जुनं पाडायलेत आणि मधी एखादं स्मारक नाहीतर पाण्याचा नळ, झाड, पार असं काहीतरी येतंय, त्याचं काय करायचं कुणाला ठाऊक नाही. मी बत्तीस वर्षं नगरपालिकांच्या बांधकाम विभागात काढली, आधी ओव्हरसियर म्हणून, नंतर इंजिनियर म्हणून, त्यामुळं टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं हे जरा माहितीय. वकील नाही मी, कोर्टाचं विचारू नका.

काका, नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषद जुनी भाजी मंडई पाडून दुमजली कॉम्प्लेक्स बांधणार आहे. मंडईच्या मधोमध मुक्तिसंग्रामाचा स्तंभ आहे, त्यावर आमच्या भागातल्या माणसांची नावं कोरलेली आहेत, माझ्या आजोबांच्या चुलत भावाचं पण आहे. ठरावात लिहिलंय, "स्तंभ दर्शनी भागात स्थलांतरित करण्यात येईल". पोरं म्हणतात हलवू द्यायचाच नाही, गाळेवाले म्हणतात आमचं काम अडवू नका. मला दोघांचंही पटतं, काय करावं? (एक वाचक, जालना जिल्हा)

दादा, "दर्शनी भागात" हे दोन शब्द मी स्वतः किती ठरावांत टाईप करून घेतलेत त्याची गणती नाही. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नसतो, म्हणून तर तो लिहितात. दर्शनी भाग म्हणजे पार्किंगच्या गेटजवळ का, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी का, का जिन्याखाली? नकाशावर जोपर्यंत तो स्तंभ एका चौकोनात, मापासकट दाखवलेला नाही तोपर्यंत तो कुठंच नाही असं समजा.

आमच्याकडं एकदा काय झालं ते सांगतो, गावाचं नाव राहू द्या. असंच कॉम्प्लेक्स होतं, असाच स्तंभ होता. आम्ही तो नीट उतरवला, नावांची काळी शिळा वेगळी काढली आणि स्टोअरमध्ये ठेवली, पंचनामा वगैरे काही नाही, कशाला लागतोय म्हणलं, आपलीच माणसं. काम रखडलं, कॉन्ट्रॅक्टर बदलला, साहेब बदलले, माझी पण बदली व्हायची वेळ आली आणि उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी लक्षात आलं की शिळा नाही! दोन दिवस शोधली. सापडली ती स्टोअरच्या मागच्या गटाराच्या चेंबरवर, झाकण म्हणून. कुण्या मजुरानं दगड चांगला सपाट दिसला म्हणून पालथी टाकली होती, पालथी होती म्हणून अक्षरं तेवढी वाचली. ती उलटी केल्यावर आमच्यातलं कुणी बोललं नाही. धुतली, बसवली, झेंडावंदन झालं. पण मला अजून ते झाकण आठवतं.

म्हणून पहिलं काम, हलवायचा का नाही हा वाद थोडा बाजूला ठेवा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मंडईच्या जागेची मिळकत पत्रिका अन् नगर भूमापनाचा नकाशा काढा. बऱ्याच गावांत स्तंभ कागदावरच नसतो, मंडईची सगळी जागा एकच तुकडा म्हणून लागलेली असते. मग नगरपरिषदेला लेखी मागा की स्तंभ आणि त्याच्या भोवतीची जागा मोजून कॉम्प्लेक्सच्या मंजूर नकाशात वेगळी दाखवा. नकाशाची, ठरावाची आणि अंदाजपत्रकाची प्रत माहिती अधिकारात मिळते, ३० दिवसांत द्यावी लागते. अंदाजपत्रकात स्तंभाच्या नावानं एक तरी आयटम आहे का ते बघा. नसेल तर ते काम कॉन्ट्रॅक्टर फुकट करणार नाही, आणि फुकट केलेलं काम कसं असतं ते वर सांगितलंच.

आता हलवायचा का. माझं मत विचाराल तर मधोमध आहे तिथंच ठेवा, पण भावनेचं कारण सांगू नका, गाळ्यांचं सांगा. कॉम्प्लेक्सच्या मधी मोकळा चौक ठेवला तर आतल्या गाळ्यांना उजेड आणि वारा मिळतो, गिऱ्हाईक आत येतं. आपल्या तालुक्याच्या गावातली दुमजली कॉम्प्लेक्सं बघा, वरचे गाळे कुलूपबंद, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, कारण आत अंधार आणि वर जायला कारण नाही. त्याच चौकात स्तंभ, त्याच्याभोवती बसायला दगडी ओटा, बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ आणि एक कडुलिंबाचं झाड. दोन-तीन गाळे कमी होतील, होऊ द्या. भाजी विकणाऱ्या बाया दुपारी त्या ओट्यावर टेकतील, पोरं नावं वाचतील, एखादा विचारेल हे कोण होते म्हणून. मुक्तिसंग्राम म्हणलं की आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ तेवढा आठवतो, १३ तारखेला फौजा आत आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं असं शाळेत झालं, पण त्या स्तंभावरची बरीच माणसं त्याच्या आधी गेलीत, रझाकारांच्या काळात. ते आत्ता सांगणारं घरात कुणी राहिलं नाही.

संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातला मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ बघा. १७ सप्टेंबरला तिथं सरकारी झेंडावंदन होतं ते ठीकच, पण बाकीचे ३६४ दिवस बागेत लेकरं येतात, प्राणी बघायला येतात, तिथंच ते स्मारक आहे. त्याला वेगळा वॉचमन लावून लोकांना हाकलायची गरज पडत नाही.

हलवावाच लागला तर पोरांना म्हणा आधी फोटोसह पंचनामा, प्रत्येक दगडाला नंबर, नावांच्या शिळेचा कागदावर ठसा, आणि मधल्या काळात तो कुठं राहणार हे लेखी. कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल स्तंभ बसल्याशिवाय निघणार नाही अशी अट करारात टाकून घ्या, ही एक अट बाकी सगळ्यांना पुरून उरते.

आमच्या गावच्या चौकाचं सुशोभीकरण झालं. पुतळ्याभोवती कारंजं, लाईटिंग, गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट, सगळं आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेल्या बायांना लघवीला जायला जागा नाही. विचारलं तर म्हणतात पुतळ्याजवळ संडास कसा बांधायचा, भावना दुखावतील. काका तुम्हीच सांगा. (एक वाचक, लातूर जिल्हा)

ताई, ज्यांच्या भावना दुखावतात ते सगळे गडी असतात आणि भिंतीकडं तोंड करून मोकळे होतात, हे तुम्हालाही माहितीय, मलाही.

नियमाचं सांगतो. सुप्रीम कोर्टानं १८ जानेवारी २०१३ ला राज्यांना सांगितलं की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळ्याला किंवा तसल्या बांधकामाला परवानगी देऊ नका. त्याच आदेशात रस्त्यावरचे दिवे, रहदारीची कामं आणि सार्वजनिक सोयी यांना मात्र मोकळीक ठेवलीय. म्हणजे कोर्टाच्या लेखी चौकात अडचण पुतळ्याची आहे, स्वच्छतागृहाची नाही, आणि आपल्याकडं बरोबर उलटं चालतं. जुने पुतळे आहेत ते आहेत, त्यांच्यावर मला काही बोलायचं नाही, आणि रीतसर नवा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं, एवढा सगळा व्याप लोक आनंदानं करतात. स्वच्छतागृहाला यातलं काही लागत नाही, तरी होत नाही.

पुतळ्याला लागून बांधा असं मी म्हणत नाही. पंचवीस-तीस पावलांवर, बाजाराच्या तोंडाला, रात्री उजेड राहील अशा जागी, बायांचं दार गड्यांच्या दारासमोर येणार नाही असं. पण बांधून भागत नाही, पाणी आणि माणूस लागतो. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्याच मुलखात आपण चौकाचौकात कारंजी बांधायलोत! ती कारंजी उद्घाटनाला उडतात आणि नंतर त्याच्यात गुटख्याच्या पुड्या. तुम्ही नगरपरिषदेला एवढंच म्हणा की कारंज्याची बोअर, मोटार अन् वीज कनेक्शन आहे तसंच स्वच्छतागृहाच्या टाकीला जोडा. नवीन काही मागू नका, असलेलं वळवा म्हणा, त्याला नाही म्हणणं त्यांना जड जातं. आणि सफाईला रोज कोण येणार, पगार कुठल्या खात्यातून, हे ठरावातच लिहून घ्या. बचत गटाच्या बाया चालवायला घेतात, शेजारी त्यांना एक लहान टपरीची जागा द्यायची, भाडं घ्यायचं नाही. एका ठिकाणी आम्ही असं केलं होतं, कुलूप लागलं नाही.

मी किल्लारी भागातला, भूकंपानंतर जन्मलेला. जुन्या गावठाणाच्या जागी स्मृतिस्तंभ आहे, ३० सप्टेंबरला मानवंदना होते, मग वर्षभर कुणी फिरकत नाही. आता नवीन गावातल्या रिकाम्या सार्वजनिक जागांचा विकास करायचं चाललंय. आमचं म्हणणं आठवण नव्या गावात पण असावी. म्हातारी माणसं म्हणतात नको, तिकडंच राहू द्या. (एक वाचक, औसा तालुका)

बाळा, तुझ्या म्हाताऱ्यांचं मला कळतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं ओझं, सगळं झोपलेल्या अंगावर आलं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, ड्युटीला आलो होतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

पण नंतरचं लिहितो, कारण नगररचना शिकायची तर आपल्या लातूर-धाराशिवच्या या ५२ गावांइतकं दुसरीकडं कुठं बघायची गरज नाही. ही ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशोबानं दिली, भूमिहीन अन् छोट्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात, जणू शहराची कॉलनी. शाळा, समाजमंदिर, पंचायत, बाजाराची जागा, नकाशात सगळं होतं, आणि ते खरंच दिलं, त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. पण जुन्या गावातला पार नव्हता, वेशीतलं मारुतीचं देऊळ नव्हतं, गल्लीच्या तोंडाशी बसायचा कट्टा नव्हता. सोय होती पण ती कुणाची नव्हती. दोन घरांत एवढं अंतर की सांजेला दारात बसलेली म्हातारी हाक मारायची ते बंद झालं. ज्या जागा सार्वजनिक म्हणून मोकळ्या सोडल्या त्यांच्यात वेड्या बाभळी वाढल्या, त्याच आता तुम्ही विकसित करायलात.

तेव्हा माझं मत असं की दोन्ही ठेवा आणि दोन्हीची कामं वेगळी ठेवा. जुन्या गावठाणात स्तंभ आहे तो गंभीर राहू द्या, तिथं खेळणी, कॅन्टीन, रंगीत लाईट काही नको, सावलीची झाडं, पाणी, बसायला जागा आणि येता येईल असा रस्ता, बास. ज्याचं सगळं घर तिथं गेलं त्याला तिथं निवांत बसता आलं पाहिजे, प्रत्येक स्मारकाला बाग करायचा आपला जो सोस आहे तो तिथं नको.

नव्या गावात मात्र स्तंभ उभारू नका. तिथं पार बांधा. जुन्या घरांचे घडीव दगड अजून शेतांच्या बांधावर, गोठ्यात पडलेले असतात, प्रत्येक घराकडून एक मागा, त्याचा कट्टा करा, मधी वड किंवा पिंपळ. शेजारी वाचनालयाची खोली, आणि तिच्या भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा, कोणती गल्ली कुठं होती, कुणाचा वाडा कुठं, आड कुठं. नकाशा आर्किटेक्टकडून काढून घेऊ नको, म्हाताऱ्यांना खडू देऊन जमिनीवर काढायला लाव, भांडतील, भांडू दे, त्यातूनच बरोबर निघतो. ती माणसं आहेत तोवरच हे होणारंय. आणि त्याच खोलीत भूकंपात घर कसं टिकतं, दर ठराविक उंचीवर भिंतीला बांधणारा आडवा पट्टा का लागतो, हे पण लावा, कारण मी हल्ली तिकडं फिरतो तर त्या २५० फुटांच्या घरांवर लोकांनी मनानं मजले चढवलेत, कॉलमचा पत्ता नाही, ते बघून पोटात गोळा येतो.

आमच्या लेआऊटच्या ओपन स्पेसवर एका पुढाऱ्याच्या वडिलांच्या नावानं स्मृतिभवन बांधायलेत. हरकत घेता येते का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

येते, आणि लवकर घ्या, स्लॅब पडल्यावर आमच्यासारखे इंजिनियर "आता काय करणार" म्हणतात. ४,००० चौरस मीटर किंवा त्याच्या वरच्या लेआऊटला १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ती तिथं राहणाऱ्या सगळ्यांची. तिच्यात मर्यादित बांधकामाला वाव असतो, त्याचं निमित्त करून अख्खा हॉल उठवतात. मंजूर लेआऊटची प्रत काढा, महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

ओपन स्पेस वेगळी आणि विकास आराखड्यातलं आरक्षण वेगळं, लोक दोन्ही एकच समजतात. शाळा, बाग, दवाखाना असं आरक्षण पडलेली खासगी जमीन आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत घेतली नाही तर मालक एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उडालं. बागा अशा जातात, गुपचूप, कुणी पाडत नाही काही नाही. नवीन आराखडा निघाला की हरकती-सूचनांना महिन्याभराची मुदत असते, त्या महिन्यात लग्न असलं तरी जा.

माझे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. मिलच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. अशा बंद मिलच्या जमिनीचं काही झालं तर कामगारांची आठवण कशी ठेवायची? (एक वाचक, नांदेड)

मुंबईत काय झालं ते आधी बघा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या, १९९१ च्या नियमात ठरलं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, एक खुल्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. ऐकायला काय छान. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि तीन वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे असं झालं, ज्यावर शेड उभं होतं ती जमीन हिशोबातून बाहेर. २००६ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. गिरणीच्या जमिनीत मोकळी जागा किती असते हो? सगळी शेडंच. एका शब्दानं गिरणगावातली मैदानं गेली.

म्हणून आठवणीचं नंतर बघू, आधी "जमीन" या शब्दाची व्याख्या वाचा, एकूण का मोकळी. मग कामगारांच्या घरांचा वाटा, मग दवाखाना-पाळणाघर, मग चिमणी ठेवायची का ते. चिमणी ठेवून भोवती मॉल बांधला तर ती मॉलची शोभा होते. भोंगा मात्र मागून घ्या, चालू करून रोज सकाळी एकदा वाजवा, खर्च काही नाही आणि तुमच्या वडिलांच्या वयाची माणसं अजून दचकून उठतील.

शहरातले जुने दरवाजे ट्रॅफिकला अडथळा आहेत, ते उचलून एखाद्या बागेत का नेत नाहीत? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दरवाजा बागेत नेला की तो कमान होतो. भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ च्या सुमारास बांधला, तो तिथं आहे म्हणून शहर कुठून सुरू व्हायचं ते कळतं. अडथळा दरवाजाचा नाही, दरवाजाला टेकवून लावलेल्या गाड्यांचा अन् हातगाड्यांचा. मात्र रस्ता दोन्ही बाजूंनी फिरवून दरवाजा मधी बेटासारखा ठेवला की काम झालं असं जे समजतात तेही चूक. पैठण गेटला रस्ता ओलांडून जवळ जाऊन बघा एकदा, जमलं तर. चालत पोचता येत नसेल तर तो दरवाजा फक्त गाडीच्या काचेतून दिसायचा. (बीबी का मकबऱ्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूचं वेगळं, तिथं १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनं.)

बघायचीच असेल तर पाणचक्की बघा. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, म्हणजे स्मारकच झालं. पण डोंगरातून नळांनी पाणी आणलं, त्या पाण्यावर जातं फिरवलं, पीठ दळून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आणि तिथं राहणाऱ्या फकिरांना खायला घातलं, हौद बांधला, हौदाखाली थंडगार खोली काढली. पाणी, अन्न, सावली आणि समाधी एकाच आवारात. हे करायला कुणी डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मागवला नव्हता.

आजोबांच्या स्मरणार्थ बाजारतळावर बाक द्यायचाय. चालेल का? (एक वाचक, परभणी)

चालेल, पण बाक द्यायच्या आधी सावली बघा. आपल्याकडं एप्रिलमध्ये सिमेंटच्या बाकावर सकाळी दहानंतर बसून दाखवा. एक कडुलिंब लावा आणि त्याला तीन उन्हाळे पाणी घालायचे पैसे द्या, बाक त्याच्या पूर्वेला ठेवा म्हणजे दुपारनंतरची सावली मिळेल. नाव टेकायच्या पाठीवर लिहू नका, घासून वर्षात जातं. बसायच्या पाटाच्या पुढच्या कडेला कोरून घ्या, रंगानं नको.